दाबा, मग फिरवा

पाचशेपैकी तीनशे बारावी खेप चालू असताना काकू स्टुलावर बसल्या. खरं तर बसायचं नव्हतं. चाचणीच्या कागदावर स्वच्छ लिहिलं होतं, ‘तपासणाऱ्याने पेटीसमोर उभे राहावे.’ पण तो कागद ज्याने लिहिला त्याने त्या दिवशी सकाळी साडेपाचला उठून एका जड माणसाला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात आणि तिथून परत खुर्चीत आणलेलं नव्हतं.

काकू म्हणजे जोडणी विभागातल्या फिटर. वय एकोणसाठ, निवृत्तीला साडेचार महिने. अवकाशात जाणाऱ्या प्रयोगांच्या पेट्या जिथे बनत त्या संस्थेत त्यांची तेहेतीस वर्षं गेली होती. मोठ्या साहेबांपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्यांना काकूच म्हणत. त्यांचे यजमान तिथेच टर्नर होते, त्यामुळे ते आपोआप काका झाले. सात महिन्यांपूर्वी काकांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. काकूंच्या घरातली मुंगी अजून जागची हललीच नव्हती.

समोरची पेटी प्रवासी बॅगेएवढी होती. ती दोन रुळांवरून सांगाड्यातल्या कप्प्यात सरकायची, आणि पुढची मूठ फिरवली की मागचे चार आकडे खोबणीत बसून तिला आवळून धरायचे. या यंत्रणेला कागदोपत्री लॅच म्हणत. काकू खिटी म्हणत. यान उडताना जे हादरे बसतात त्यांत खिटी सुटता कामा नये, आणि वर पोचल्यावर मात्र अंतराळवीराला ती एका हाताने उघडता आली पाहिजे, एवढंच तिचं काम. चुकून कोणाचा धक्का लागून उघडू नये म्हणून मूठ आधी आत दाबायची आणि दाबलेली असतानाच पाव फेरा फिरवायची. मुठीवर तसं कोरलेलं होतं : दाबा, मग फिरवा.

हादऱ्यांच्या यंत्रावरून पेटी उतरून दोन दिवस झाले होते. त्यानंतर पाचशे वेळा उघडमीट, हा नियम. दर पन्नासाव्या खेपेला मूठ फिरवायला किती जोर लागतो ते मापकावर बघून कागदावर लिहायचं. आकडे उत्तम येत होते. फक्त काकूंचं मनगट सकाळपासून ठणकत होतं. दोनशेच्या आसपास त्यांना वाटलं होतं, मूठ दाबताना जरा जास्तच रेटावं लागतंय. मग त्यांनी स्वतःचीच समजूत घातली, की रोज नव्वद किलोचा माणूस उचलणाऱ्या बाईला मूठ जड लागली तर त्यात मुठीचा काय दोष?

तर तीनशे बारावी खेप. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. काकूंनी कोपऱ्यातलं चाकांचं स्टूल पायाने ओढून घेतलं, “आई गं” म्हणत त्यावर टेकल्या, पाय स्टुलाच्या कड्यावर ठेवले आणि मूठ दाबली.

मूठ आत गेली नाही. काकूच मागे गेल्या. सावकाश, कोणी तरी अदबीने मागे घेतल्यासारख्या, खोलीच्या मध्यापर्यंत जाऊन थांबल्या.

त्यांना हसू आलं. पायाने रेटत पुन्हा पुढे आल्या, पाय उचलले, पुन्हा दाबलं, पुन्हा मागे. तिसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा मात्र हसू आलं नाही.

उभं राहून काम करताना आपण कंबर टेबलाच्या कडेला टेकवतो, पाय जमिनीत रोवतो आणि सगळं अंग मुठीवर घालतो, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. वर अवकाशात अंग घालायला अंगाला वजनच नाही. जितकं ढकलाल तितके तुम्हीच मागे. म्हणजे वरचा माणूस आणि चाकांच्या स्टुलावरच्या काकू एकाच माळेचे मणी.

त्यांनी कागद पुन्हा वाचला. फिरवण्याच्या जोराला रकाना होता. दाबण्याच्या जोराला रकानाच नव्हता.

काकूंनी कागद बाजूला ठेवला. मग स्टूल भिंतीशी लावलं, उभ्या राहिल्या, कंबर कडेला टेकवली आणि उरलेल्या खेपा पुऱ्या केल्या. सगळ्यात खाली ‘योग्य’ किंवा ‘अयोग्य’ लिहून सही करायची होती. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि कागद तसाच खणात ठेवून दिला.

घरी पोचल्या तेव्हा वन्सं दारातच पिशवी घेऊन उभ्या होत्या. काकांची ही धाकटी बहीण दिवसभर त्यांच्याजवळ बसायची, तिचंही एक घर दोन गल्ल्या सोडून होतं.

“वहिनी, दादाने आज ताट ढकललं,” त्या चपला घालताघालता म्हणाल्या. “मी काही बोलले नाही. तुम्हीही बोलू नका.”

“नाही बोलत.”

“आणि औषध दुपारचं झालंय. येऊ मी?”

काकूंनी हातपाय धुतले, चहा टाकला आणि काकांच्या खुर्चीशेजारी बसल्या. संध्याकाळी त्यांची बोटं एकेक करून मिटायची आणि उघडायची, असं व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं. ते करताकरता त्यांनी स्टुलाची हकिगत सांगितली. काकांना ऐकायला नीट यायचं, बोलायला मात्र वेळ लागायचा. शब्द तोंडात जुळवून मग बाहेर काढायचे.

“रकाना नाही?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“मग... सही कर.”

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. केसभर फरकासाठी चाळीस बोल्ट परत पाठवणारा हा माणूस. त्यापायी एका साहेबाशी त्याने वर्षभर अबोला धरला होता.

“अहो, पण ते दाबलंच जात नाही.”

“तुझं मनगट.”

“मनगटाचं मलाही वाटलं. पण स्टूल मनगटाने नाही गेलं मागे.”

काका खिडकीकडे बघत राहिले. मग एकेक शब्द जोडत म्हणाले, “हात दाखवून... अवलक्षण. कशाला? सगळं पुन्हा होईल. तुलाच बोलावतील.” आणि जरा थांबून, “साडेचार महिने. मोजतोय मी.”

काकूंनी त्यांचं पुढचं बोट हातात घेतलं. त्यांना काकांचा राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, निदान काही ठरवता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम स्वतःच चाचणीच्या खोलीत आल्या. खिटीचा आराखडा त्यांचा. वय अडतीस, केस कायम पेन्सिलीने वर खोचलेले, आणि गेल्या दोन महिन्यांत एकही रविवार घरी काढलेला नाही हे चेहऱ्यावरच लिहिलेलं. त्यांनी खणातला कागद काढून वाचला.

“आकडे छान आहेत की, काकू. सही राहिली वाटतं.”

“राहिली नाही. ठेवली.”

मॅडमनी मान वर केली. काकूंनी सांगितलं. मॅडम ऐकून घेत होत्या, पण त्यांची नजर काकूंच्या मनगटाला बांधलेल्या पट्टीवर होती.

“तुमचा हात कसा आहे?” त्यांनी हळूच विचारलं.

“दुखतोय. म्हणूनच म्हणते, तुम्ही बसा.”

मॅडम बसल्या. त्या काकूंच्या निम्म्या वजनाच्या. मूठ दाबताच ज्या निघाल्या त्या थेट मागच्या फळ्यावर जाऊन आदळल्या. खडू खाली पडले. एरवी दोघी पोट धरून हसल्या असत्या.

कपाटात त्याच मापाची दुसरी खिटी होती, हादऱ्यांवर न चढवलेली. मॅडमनी स्प्रिंगचा काटा आणला आणि दोन्ही मुठी दाबून पाहिल्या. न हादरलेली चार किलोला आत गेली. पेटीवरची साडेनऊला. मग मूठ खोलून पाहिली, तेव्हा आतल्या दांडीवरचा गुळगुळीत थर एका बाजूने खरवडलेला दिसला. बोटाला राखाडी भुकटी लागली.

मॅडम जमिनीवरच बसल्या. “रकाना मीच घातला नाही, काकू. फिरवण्याचा विचार केला, हादऱ्यांचा केला, थंडीचा केला. दाबायला काय लागतंय, असं वाटलं मला.”

“मला दोनशेलाच कळलं होतं,” काकू म्हणाल्या. “मी ते मनगटावर ढकललं.”

मग मॅडमनी उठून मोठ्या साहेबांना फोन लावला.

दुपारी पेटीचे मालक आले. मालक म्हणजे ज्यांचा प्रयोग त्या पेटीत होता ते वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांना सगळे बियावाले सर म्हणायचे. उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशात नेहमी भिंग. बियांना वजन जाणवलं नाही तर मुळं कुठल्या दिशेला जातात, हा त्यांचा प्रश्न. त्यासाठी जागा मिळावी म्हणून त्यांनी नऊ वर्षं अर्ज केले होते. दहाव्या दिवशी अंतराळवीराने पेटी बाहेर ओढून मागची किल्ली फिरवायची, म्हणजे आत रसायन सुटून मुळं आहेत त्या अवस्थेत टिकून राहतील, अशी योजना होती. पेटी उघडली नाही तर मुळं आत कुजून जाणार.

सरांनी सगळं उभ्या उभ्या ऐकलं आणि म्हणाले, “मी बघतो.”

ते स्टुलावर बसले. पहिल्यांदा मागे गेले. दुसऱ्यांदाही गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी दोन्ही पाय टेबलाच्या पायांत अडकवले, ओठ आवळले आणि मूठ दाबून फिरवली. खट् आवाज झाला. पेटी दोन बोटं पुढे आली.

“उघडते की!” ते म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा वर गेला होता. “तिथे पाय अडकवायला पट्टे असतात. मला माहितीय. मी चित्रं पाहिलीत.”

“असतात, सर,” मॅडम म्हणाल्या. “पण आपला कप्पा खालच्या कोपऱ्यात आहे. तिथे पट्ट्यापर्यंत पाय पोचत नाही. एक हात कठड्याला, एक हात मुठीला, बस्स.”

“मग दोन माणसं लावा.”

“दोघांना तिथे जागा नाही.”

“मग एकाने जरा जोर लावावा! ती काय म्हातारी माणसं आहेत का?”

सरांचे पाय अजून टेबलाच्या पायांत अडकलेले होते आणि मांड्या थरथरत होत्या, हे काकूंना दिसत होतं. सांगाड्यात शेजारच्या कप्प्याची थंड पाण्याची नळी मुठीपासून वीतभर अंतरावर होती. जोर लावणाऱ्याचं कोपर निसटलं तर ते कुठे बसेल हेही त्यांना दिसत होतं. ते त्यांनी सांगितलं. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं, जणू ही बाई खोलीत आहे हे त्यांना आत्ताच कळलं.

“हे तुम्ही शोधून काढलंत?”

“शोधलं नाही, सर. बसले होते.”

बैठक दोन दिवस चालली. काकूंना एकदाच आत बोलावलं, स्टुलासकट. तिथे एका साहेबाने विचारलं, की नियमात उभं राहा असं लिहिलेलं असताना तुम्ही बसलात कशा? काकू म्हणाल्या, “चूक झाली.” मोठे साहेब कपाळ चोळत म्हणाले, “चूक राहू द्या, पुढे बोला.” शेवटी ठरलं ते सगळ्यांना आधीच माहीत होतं. या उड्डाणात पेटी जाणार नाही. तिची जागा दुसऱ्या एका संस्थेच्या पेटीला दिली गेली. पुढची जागा वर्ष-सव्वा वर्षाने. तोवर बियावाले सर निवृत्त झालेले असणार.

ते काकूंना जिन्यात भेटले. बगलेत फायलींचा गठ्ठा होता. काकू बाजूला झाल्या. सर दोन पायऱ्या उतरून थांबले.

“काकू, तुम्ही उभ्याच राहिला असतात तर?”

“गुडघे दुखत होते, सर,” एवढंच काकू म्हणाल्या.

सरांनी मान हलवली आणि उतरून गेले. त्यानंतर संस्थेत ते त्यांच्याशी बोलले नाहीत. जेवणाच्या खोलीत समोरासमोर आले की भिंग काढून पुसत बसायचे.

दांडीवर दुसऱ्या प्रकारचा थर द्यायचा आणि भोवतीची जागा किंचित मोकळी करायची, एवढीच दुरुस्ती होती. ती पाच आठवड्यांत झाली. इकडे उड्डाणच इंधनाच्या एका झडपेपायी महिनाभर पुढे गेलं. चाचण्या सोडून नुसत्या दुरुस्तीचा हिशेब केला तर पेटी अवघ्या आठ दिवसांनी चुकली होती. ही बातमी आली त्या दिवशी मॅडम काकूंच्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, “आठ दिवस, काकू,” आणि निघून गेल्या.

नव्या खिटीची सगळी चाचणी अर्थातच पहिल्यापासून करायची होती. हादरे, उष्णता, थंडी, निर्वात टाकी, मग पाचशे खेपा. या सगळ्याला लागणारा वेळ काकूंच्या निवृत्तीच्या पलीकडे तीन महिने जात होता. मोठ्या साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. “त्या मुठीचा हात तुम्हालाच कळलाय,” ते म्हणाले. “राहाल का?”

काकू हो म्हणून बसल्या. घरी विचारायचं त्यांना सुचलंच नाही, आणि सुचलं तेव्हा त्या घराच्या पायऱ्या चढत होत्या.

काका दोन दिवस बोलले नाहीत. एरवीही ते फार बोलत नसत, पण न बोलणं आणि अबोला यांतला फरक बायकोला कळतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वन्संनी तोंड उघडलं.

“वहिनी, मी आठ महिने येतेय. दादा आहे, मी येईनच. पण माझे सासरे आता अंथरुणावर आहेत. मी दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये पळतेय.”

“मला माहितीय हो.”

“माहितीय तर मग हो कशाला म्हणालात?”

काकू भांडी आवरत राहिल्या. एकच वाटी त्यांनी तीनदा विसळली. मग हात पुसून बाहेर आल्या आणि वन्संसमोरच साहेबांना फोन लावला. अकरा ते तीन येईन, त्याहून जास्त नाही, जमत नसेल तर दुसरं माणूस बघा. साहेब पलीकडून काहीतरी कुरकुरले आणि कबूल झाले. वन्संनी पिशवी उचलली. जाताना काकूंच्या खांद्याला हात लावून गेल्या.

रात्रीच्या जेवणाला काकांनी डाव्या हाताने घास घेतला, बराच वेळ चावला आणि म्हणाले, “अकरा ते तीन. पाचशे होतील?”

“दोन दिवस घेईन.”

“पहिल्यांदा... कोपर कुठे होतं?”

“बाहेर.”

“अंगाशी धर. मनगट सरळ.” त्यांनी चमचा मुठीसारखा धरून दाखवला. तो हातातून पडला. काकूंनी उचलून दिला. त्यांनी पुन्हा दाखवला.

निवृत्तीचा छोटासा समारंभ झाला, भाषणं झाली, आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता काकू पुन्हा कामावर हजर. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, “काकू, काही विसरलात का?” ही गंमत तो पुढे तीन महिने रोज करत राहिला.

पाचशे खेपांच्या नव्या कागदावर मॅडमनी लिहिलं होतं, ‘तपासणाऱ्याने चाकांच्या स्टुलावर बसावे. पाय अधांतरी ठेवावेत.’ दाबण्याच्या जोरालाही आता रकाना होता. काकूंनी कोपर अंगाशी धरलं. पहिली खेप साडेतीन किलो. शंभरावी साडेतीन. चारशेव्या खेपेला पावणेचार. स्टूल जागचं फार तर बोटभर हललं. दुसऱ्या दिवशी पावणेतीन वाजता पाचशे पुऱ्या झाल्या, आणि काकूंनी ‘योग्य’ लिहून सही केली. मॅडम दारात उभ्या होत्या. आपण आनंदाने काहीतरी म्हणायला हवं, असं दोघींनाही वाटत होतं. मॅडमना जांभई आली. तिच्यामागोमाग काकूंनाही आली.

पेटी पुढच्या वर्षी उडाली. काकूंनी बातमी पाहिली नाही, त्या दिवशी काकांना ताप होता. उड्डाणानंतर पंधरा दिवसांनी, एका दुपारी, फोन वाजला.

“मी बियावाला बोलतोय,” पलीकडून आवाज आला. काकू उठून बसल्या.

“बोला सर.”

“पाच दिवस झाले पेटी उघडून. मला काल फीत पाठवली त्यांनी. एका हाताने उघडली. तुम्हाला कळवावंसं वाटलं.”

“किती वेळ लागला?”

“लागला नाही. मला वाटलं, आता धडपडेल, आता धडपडेल. तोवर पेटी बाहेर. मी ती फीत चारदा पाहिली.” ते थांबले. “बियांच्या बारा पट्ट्यांपैकी चारांत बी उगवलंच नाही. जुनं झालं होतं. दोन वर्षं पडून होतं ना.”

“अरेरे.”

“आठ उगवल्यात. उन्हाळ्यात खाली येतील. आता ते सगळं माझी विद्यार्थिनी बघते. मुळं कापतील तेव्हा मला बोलावतील बहुतेक.”

काकूंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “सर, तुम्ही माझ्यावर रागावला होतात.”

“होतो तर. चांगला वर्षभर होतो,” सर म्हणाले. “बायको म्हणायची, त्या बाईने काय केलं तुमचं? मी म्हणायचो, ती बसली.” ते हसले की खोकले, नीट कळलं नाही. “आता राग धरवत नाही. दमतो. तुम्ही काय करता हल्ली?”

“झोपते, सर. दुपारी दोन तास.”

“मग मी उठवलं तुम्हाला.”

“हो.”

“झोपा, झोपा,” ते घाईने म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

आतून काकांनी विचारलं, “कोण?”

“बियावाले सर. उघडली म्हणाले.”

“सरळ?”

“सरळ.”

काकांचा पुढचा शब्द यायला वेळ लागणार हे काकूंना माहीत होतं, म्हणून त्या दाराच्या चौकटीला टेकून थांबल्या. शेवटी काका म्हणाले, “बरं झालं.” मग म्हणाले, पडदा ओढ, डोळ्यांवर ऊन येतंय. काकूंनी पडदा ओढला, चार वाजता व्यायामवाल्या बाई येणार होत्या त्याचा गजर लावला आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा आडव्या झाल्या.